लाल गावात निळा सदरा

"घरात घट बसलेत, आणि तुम्ही कुठं निघालात?" बायकोनं विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर तयार होतं. पोराला भेटायला. ते खोटं नव्हतं. फक्त भेटायला ९ ऑक्टोबर २०२४ हाच बुधवार का, ते मी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, कारण जाकिटाच्या आतली निळी जर्सी तिला दिसली होती. "साबुदाण्याचे वडे डब्यात दिलेत. हरलात तरी खा," एवढंच म्हणाली.

टोरोंटो ते मॉन्ट्रियल रेल्वेनं ५३९ किलोमीटर, पाचेक तासांचा रस्ता. खिडकीतून आधी ओंटारियो सरोवर दिसतं, समुद्राएवढं पण खाऱ्या वासाचं नाही. मग शेतं, मग झाडी. ऑक्टोबरातली झाडी म्हणजे मेपल, आणि मेपल म्हणजे लाल. टोरोंटोच्या आमच्या आइस हॉकी टीमचं नाव मेपल लीफ्स, छातीवर पान मेपलचंच, पण निळं. (लीफचं अनेकवचन 'लीव्ह्ज' असं आम्हाला शाळेत छड्या खाऊन शिकवलं होतं. इथं 'लीफ्स'. आता 'लीव्ह्ज' ऐकलं तर मलाच ते चुकीचं वाटतं.) निळं पान निसर्गात कुठंच नाही. आणि त्या दिवशी मॉन्ट्रियलपर्यंतच्या साऱ्या रानानं लाल रंग घेतला होता. लाल म्हणजे मॉन्ट्रियलच्या टीमचा. झाडंसुद्धा फितूर.

वाटेत किंग्स्टन लागतं. या गावाचा दावा असा की हॉकी जन्मली ती इथं. मॉन्ट्रियलवाले हसतात, कारण चार भिंतींच्या आत, आधी जाहीर करून खेळलेला पहिला सामना त्यांच्याकडं झाला: ३ मार्च १८७५, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक, दोन्हीकडं नऊ-नऊ गडी. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून लाकडाची चपटी चकती वापरली. आजच्या रबरी पकची ती आजी. सामना संपल्यावर मारामारी झाली, डोकी-नडग्या फुटल्या, बाकं मोडली, आणि ही बातमी छापली किंग्स्टनच्या वर्तमानपत्रानं. म्हणजे खेळ एका गावात आणि त्याची चहाडी दुसऱ्या गावात, हे पहिल्या दिवसापासून आहे.

मी या देशात आलो १९९८च्या जानेवारीत. पहिला हिवाळा गोदामात रात्रपाळीला खोकी उचलण्यात गेला. बरोबरची माणसं वाईट नव्हती, पण बोलणार काय? थंडीवर दोन वाक्यं झाली की संपलं. शनिवारची मॅच झाली की मात्र पुढच्या पाळीला सगळ्यांना कंठ फुटायचा. गोरा, काळा, चिनी, त्रिनिदादचा, सगळे एका सुरात शिव्या द्यायचे. मीही बघायला लागलो, निदान मान कुठं डोलवायची ते कळावं म्हणून. आधी पक दिसायचाच नाही. काळा ठिपका कुठं गेला ते गोल झाल्यावर कळायचं. मग हळूहळू दिसायला लागला. आणि एका शनिवारी मॉन्ट्रियलशी हरल्यावर मला रविवारी जेवण गेलं नाही. तेव्हा ओळख पटली. हे दुखणं जुनं आहे, आपल्या गावचं आहे.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती, तांबडा-पांढरा आणि चप्पल आठवते. फुटबॉल कुणी विचारत नाही. आमच्याकडं तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, आणि मॅच दोन संघांची नसते, दोन पेठांची असते. वर्ल्ड कपात निम्मं गाव ब्राझीलचं आणि निम्मं अर्जेंटिनाचं होतं, चौकाचौकात फलक लागतात. मी शिवाजी पेठेतला, म्हणजे शिवाजी तरुण मंडळाचा. हे मला कुणी विचारून ठरवलं नाही. आईचं माहेर मंगळवार पेठेतलं, म्हणजे पाटाकडील तालीम, पीटीएम. या दोघांची मॅच असली की मामा त्या आठवड्यात आमच्या घरी यायचा नाही. आलाच तर चहा घ्यायचा नाही. एकदा सामना सुटल्यावर कुठल्या तरी पोरांनी दगड भिरकावले आणि मी चपला हातात घेऊन थेट पेठेपर्यंत पळालो होतो. वडील रात्री मॅच पुन्हा सगळी खेळून दाखवायचे, जेवताना, भाकरीच्या तुकड्यांनी. आई समोर थापत बसलेली. "तू कुणाच्या बाजूची गं?" असं विचारलं की म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं."

कॅनडाचं नागरिकत्व मला पुढं काही वर्षांनी मिळालं, शपथ घेतली, फोटो आहे. पण गावकरी झालो तो त्या न जेवलेल्या रविवारी. नव्या गावात मित्र मिळायला वर्षं जातात. शत्रू मात्र तयार मिळाला, गावानंच पानात वाढला.

तो शत्रू कसला, तर थोरला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची स्थापना १९०९ची. आमची टीम १९१७ची, मेपल लीफ्स हे नाव त्यानंतर दहा वर्षांनी. स्टॅन्ली कप, म्हणजे या हॉकीतला सर्वोच्च चषक, त्यांनी २४ वेळा जिंकला, आम्ही १३ वेळा. आमचा तेरावा आला १९६७ साली, अंतिम फेरीत त्यांनाच हरवून. तोच शेवटचा. माझा जन्मही १९६७चा. माझं वय किती हे टोरोंटोत कुणाला विचारावं लागत नाही, मी "कप आला त्या वर्षीचा" एवढं सांगितलं की लोक सहानुभूतीनं बघतात. त्यांचा चोविसावा १९९३चा, त्यालाही तीसहून जास्त वर्षं झाली, आणि तेव्हापासून कॅनडातल्या एकाही संघानं कप जिंकलेला नाही. म्हणजे दोन्ही घराणी पडकी आहेत. पण त्यांच्या वाड्यात तसबिरी जास्त.

आता पोराचं सांगतो. १९९९ साली जन्मला, चालायला लागण्याआधी निळ्या जर्सीत गुंडाळला. २०१३ साली, चौदा वर्षांचा असताना, बोस्टनविरुद्धच्या मालिकेत सातव्या, निर्णायक सामन्यात आमची ४-१ अशी आघाडी होती, शेवटचा पीरियड चालू होता, आणि आम्ही ५-४ हरलो. त्या रात्री तो गादीवर पालथा पडून रडला. मी त्याला म्हणालो, "पुढच्या वर्षी." चार वर्षांनी तो मॅकगिल विद्यापीठात शिकायला मॉन्ट्रियलला गेला. २०२१ साली ४२ वर्षांनंतर दोन्ही संघ पुन्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे कपासाठीच्या बाद फेरीत, समोरासमोर आले. आम्ही ३-१ पुढं होतो. मालिका ३-४ हरलो. सातव्या सामन्यानंतर पोराचा फोन आला. मी म्हणालो, "झालं ते झालं रे, पुढच्या वर्षी." तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा, मी जिंकलो."

असं घर फुटतं. मामा निदान दुसऱ्या पेठेतला होता.

स्टेशनवर चिरंजीव लाल जर्सी घालून उभे. वाकून नमस्कार केला. संस्कार शाबूत आहेत, अक्कल गेली. त्याच्या खोलीवर बॅग टाकली आणि आम्ही आधी फोरमला गेलो. १९२६ ते १९९६ कॅनेडियन्सचं घर ते. आता तिथं सिनेमागृह आहे. आत पॉपकॉर्नचा वास, आणि फरशीवर जुन्या रिंकच्या मध्यबिंदूची आठवण म्हणून खूण केलेली. पोरगं त्या खुणेपाशी थांबलं, पायातले बूट काढतं की काय असं मला वाटलं. मी काही बोललो नाही, कारण आमच्याकडंही तेच झालं आहे. टोरोंटोचं जुनं मेपल लीफ गार्डन्स आता किराण्याचं मोठं दुकान आहे. पंचविसाव्या गल्लीत जमिनीवर लाल ठिपका आहे, तिथं मैदानाचा मध्य होता. मी तिथं अनेकदा उभा राहिलोय, हातात टोपली घेऊन. मागून लोक वैतागतात.

फोरम बंद झालं त्या मार्च १९९६च्या रात्री जुन्या खेळाडूंना बर्फावर बोलावलं. मोरिस रिशार आला, आणि टाळ्या थांबेनात. म्हातारा हात वर करून थांबवू बघत होता, लोक ऐकेनात, कित्येक मिनिटं नुसता गजर. रिशार म्हणजे 'रॉकेट'. १९४४-४५च्या मोसमात ५० सामन्यांत ५० गोल. पण टाळ्या त्या गोलांच्याच नव्हत्या. १३ मार्च १९५५ला बोस्टनमध्ये झटापटीत त्यानं लाइन्समनवर हात टाकला, तेव्हा लीगचे अध्यक्ष क्लेरन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेला मोसम आणि प्लेऑफ दोन्हींतून बाद केलं. कॅम्पबेल इंग्रजी बोलणारे, रिशार फ्रेंच. १७ तारखेला कॅम्पबेल स्वतः फोरममध्ये मॅच बघायला येऊन बसले. आधी टोमॅटो-अंडी, मग अश्रुधुराचा गोळा फुटला, मॅच बंद, आणि लोक सँत-काथरीन रस्त्यावर काचा फोडत निघाले. दुसऱ्या दिवशी रिशारनं रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं. गिरण्या-दुकानांत साहेब इंग्रज आणि कामगार फ्रेंच अशा त्या गावात खेळाडूवरची बंदी नुसती खेळाडूवर नसते. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकच्या पुढच्या उलथापालथीची सुरुवात इथून सांगणारे पुष्कळ आहेत. मला तेवढं लांबचं कळत नाही. पण पेठेतल्या पोराला बाहेरच्या पंचानं उचलून बाहेर बसवलं तर काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

वाटेत मी पोराला रॉक कॅरिएच्या गोष्टीची आठवण करून दिली. क्युबेकच्या खेड्यातलं पोरगं, रिशारचं वेड. आईला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, म्हणून ती दुकानाच्या मालकाला चिठ्ठी लिहिते, आणि टपालानं येतो तो टोरोंटोचा निळा स्वेटर. तोच घालून त्याला गावात जावं लागतं. या गोष्टीतल्या ओळी पूर्वी कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर होत्या. मी कित्येक वर्षं त्या नोटा खिशात घालून हिंडलो, त्यावर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. म्हणालो, "तुझं उलटं झालं. घरातून बरोबर स्वेटर दिला आणि तू बदलून आणलास." तो म्हणाला, "बाबा, लहान झाला होता तो."

कॅनेडियन्सचं आताचं घर म्हणजे बेल सेंटर, त्याच्या बाहेर मी जाकिटाची चेन उघडली. थंडी होती तरी उघडली. शत्रूच्या दारात तोंड लपवून जायचं नसतं. रिशार, बेलिव्हो, लाफ्लर, मॉरेन्झ या त्यांच्या जुन्या खेळाडूंचे पुतळे तिथं उभे आहेत, पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. आत साधारण २१ हजार माणसं मावतात. छताला कपांचे २४ झेंडे. मी मान वर केली नाही.

आमच्या जागा वरच्या बाजूला, मिळाल्या त्याच नशीब. टीव्हीवर हॉकी बघणाऱ्यानं एकदा तरी मैदानात बसावं, कारण हा खेळ अर्धा ऐकायचा असतो. स्केटचं पातं बर्फ कापतं तो चर्रर्र आवाज. पक फळीवर आदळतो तो ठॉक. पक म्हणजे साधारण १७० ग्रॅमचा टणक रबर, सामन्याआधी गोठवलेला, नाहीतर तो बर्फावर उसळतो. आणि माणसांची ये-जा! चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळायचं की कुंपणावरून उडी मारून बाहेर, दुसरा आत, खेळ चालूच. आगळीक केली तर दोन मिनिटं काचेच्या खोक्यात बसायचं. कबड्डीत बाद झालेला गडी जसा रेषेबाहेर बसून मांडीवर मुठी आपटतो, तसाच तो तिथं बसून बाटलीतलं पाणी तोंडावर मारतो. मारामारीला पाच मिनिटं. हातमोजे टाकले की शड्डू ठोकला असं समजायचं. पंच बाजूला उभे राहतात, एकजण खाली पडला की सोडवतात. आणि त्या रात्रीची खुन्नस तर अकरा दिवसांपूर्वीची होती. सरावाच्या सामन्यात, याच बर्फावर, मॉन्ट्रियलनं नुकत्याच आणलेल्या पॅट्रिक लाइनेचा गुडघा टोरोंटोच्या खेळाडूशी टक्कर होऊन दुखावला होता, आणि मग त्यांच्या आर्बर जॅकायनं त्या खेळाडूला धरून बुकललं होतं. जॅकायला इथं 'शेरीफ' म्हणतात. मोसमाचा पहिला सामना, स्वतःचं घर, आणि समोर आम्ही. एकेका खेळाडूचं नाव पुकारलं जात होतं तसा गजर वाढत गेला. आमच्या नावाला नुसतं "बूऽऽ".

माझ्या डाव्या हाताला सत्तरीच्या बाई होत्या, पाठीवर ९ नंबर, म्हणजे रिशारचा. त्यांनी माझी जर्सी बघितली, पोराची बघितली, आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. पोरगं म्हणालं, "विचारतायत, हे तुझे खरे वडील का." मग बाईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं, दुखवट्याला आल्यासारखं. थोड्या वेळानं हॉटडॉगचा अर्धा तुकडा पुढं केला. मी हात जोडले. त्यांना वाटलं मी शत्रूचं खात नाही. पोरानं नवरात्राचं सांगितलं. धर्माचं कारण ऐकल्यावर बाईंनी आदरानं मान डोलावली, आणि पुढच्याच क्षणी पंचांना उद्देशून अशी काही आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतलं पोर हसायला लागलं. "काय म्हणाल्या?" तर कळलं की क्युबेकच्या शिव्या सगळ्या चर्चमधल्या आहेत. प्रसादाची पवित्र पेटी, वारुणीचा पेला, अशा वस्तूंच्या नावानं शिवी. आपल्याकडं आई-बहिणीवरून देतात, यांनी निदान देव्हाऱ्यातल्या भांड्यांवर भागवलं आहे. मला हा सुधारलेपणा आवडला.

पहिल्याच पीरियडमध्ये कोल कॉफील्डनं गोल केला. भोंगा वाजला, आणि खुर्ची खालून हलली. कॉफील्डचा नंबर आधी २२ होता. त्या मोसमापासून त्यानं १३ घेतला, कारण जॉनी गोड्रो १३ नंबरनं खेळायचा. गोड्रो आणि त्याचा भाऊ मॅथ्यू, दोघे २९ ऑगस्टला न्यू जर्सीत सायकलवरून जाताना गाडीखाली सापडून गेले, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. नवा नंबर घातल्यावरच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गोल. मी उठलो नाही, टाळीही वाजवली नाही. पण "बू" करायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. पोरानं ते बघितलं, आणि दोघंही पुढं बघत राहिलो.

त्यानंतर जे झालं ते एका माणसानं केलं. सॅम मोंतांबो, त्यांचा गोली, बेकांकूर नावाच्या क्युबेकमधल्याच गावचा. आम्ही मारत होतो आणि तो अडवत होता. मॅथ्यूज मारतोय, अडवला. नीलँडर मारतोय, अडवला. पॅडनं, पंज्यानं, पोटानं, एकदा तर पाठमोरा पडल्यावर कशानं ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या पीरियडमध्ये मी मोजणं सोडलं. शेजारच्या बाई "माँटी, माँटी" म्हणत जप करत होत्या. ऑस्टन मॅथ्यूज तेव्हा आमचा नवा कॅप्टन, आधीच्या मोसमात ६९ गोल केलेला गडी. त्याला त्या रात्री एक मिळेना. गोलीनं पक पोटाखाली धरला की शिट्टी, आणि शिट्टी झाली की त्याच्याभोवती ढकलाढकली, हेल्मेटात हेल्मेट घालून दोन माणसं एकमेकांना काहीतरी सांगतायत. कधीकधी वाटतं, ते ऐकायला मिळावं, आणि तेही मराठीत. पंजाबीत इथं २००८ पासून हॉकीची कॉमेंट्री आहे, हरनारायण सिंग यांचा आवाज सगळ्या देशाला ठाऊक झाला. मराठीत कुणी केलं तर माणूस शाहू स्टेडियमवरूनच आणावा लागेल. पुण्याचा चालणार नाही, तो पंचांना अहो-जाहो करेल.

शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही गोली बाहेर काढून सहावा हल्लेखोर आत घेतला. आपलं घर उघडं टाकून दुसऱ्याचं दार फोडायला जायचं, असा तो प्रकार. पोरानं नखं खायला सुरुवात केली. लहानपणीही असाच खायचा, तेव्हा निळ्यासाठी. मी त्याचा हात तोंडातून काढला, सवयीनं. घड्याळ शून्यावर आलं. १-०. फलकावर मोंतांबोच्या नावापुढं ४८ सेव्ह. अठ्ठेचाळीस वेळा दार ठोठावलं, आतून कुणी "कोण?" असंसुद्धा म्हणालं नाही.

बाईंनी निघताना मला मिठी मारली. पोर म्हणालं, "त्या म्हणतायत, पुढच्या वर्षी."

सँत-काथरीन रस्ता लाल झाला होता. कुणीतरी माझ्या छातीवरचं निळं पान बघून "सिक्स्टी-सेव्हन!" असं ओरडलं. माझं जन्मवर्ष. मी हात वर करून दाद दिली. पोरगं मध्ये आलं, माझ्या आणि गर्दीच्या, जरा खांदा पुढं काढून. कुणी काही करणार नव्हतं, त्यालाही ते ठाऊक होतं. तरी मेट्रोच्या जिन्यापर्यंत तो तसाच चालला.

फलाटावर बसून आम्ही डबा उघडला. वडे गार आणि चिवट झाले होते, दोघांनी मिळून संपवले. कोल्हापुरात सकाळ झाली होती. आईला फोन लावला; ती अंबाबाईला जायच्या तयारीत होती.

"काय झालं रं मॅचचं?" सूनबाईनं आधीच कळवलेलं दिसत होतं.

"हरलो. तुझा नातू जिंकला."

"बरं झालं. जेवलास न्हवं?"

मग मी का विचारलं, ठाऊक नाही. कदाचित शेजारी लाल जर्सी बसली होती म्हणून. "आई, तू तेव्हा कुणाच्या बाजूनं असायचीस गं? खरं सांग."

"पाटाकडीलच्या की," ती म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता. वडील जाऊन बारा वर्षं झालीत, घरात ती एकटीच होती, तरी आवाज तिनं एकदम खाली आणला होता.